शनिवार रात्रीचा विनोद आणि त्याची समीक्षा

न्यूयॉर्कमध्ये शनिवारी रात्री साडेअकराला 'सॅटरडे नाइट लाइव्ह' हा टीव्हीवरचा थेट विनोदी कार्यक्रम सुरू होतो, तेव्हा ठाण्यात रविवार उजाडलेला असतो. तिकडे उन्हाळी वेळ असेल तर आपले नऊ, एरवी दहा. ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांत युवा महोत्सवासाठी स्किट बसवणारी मुले हा कार्यक्रम ओळखतात. त्यातले तुकडे फोनवर बघतात, आणि 'हे जमलं, ते पडलं' असे निकालही देतात. निकाल द्यायलाच हवेत. पण ज्या गोष्टीचा निकाल लावायचा ती तयार कशी होते, हे कळले तर निकालाला वजन येते. म्हणून ही थोडी पार्श्वभूमी.

थेट प्रक्षेपित होणारा स्किटचा कार्यक्रम 1975 मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह'बरोबर जन्मला नाही. 1950 ते 1954 या काळात एनबीसी या त्याच वाहिनीवर शनिवारी रात्री दीड तासाचा 'युअर शो ऑफ शोज' चालत असे. सिड सीझर आणि इमोजिन कोका त्याचे मुख्य नट, आणि लेखकांच्या खोलीत मेल ब्रूक्ससारखी माणसे. सगळे थेट होते, कारण दुसरा सोयीचा मार्गच नव्हता. 1956 मध्ये व्हिडिओटेप आली. पुढे चुका कापून टाकता येऊ लागल्या आणि विनोदी कार्यक्रम हळूहळू टेपकडे सरकले. वीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा थेट विनोद करायचे म्हणाले, तेव्हा ती सक्ती उरली नव्हती. तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

निर्णयामागचे निमित्त मात्र अगदी व्यावहारिक होते. जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो' या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे जुने भाग एनबीसी शनिवार-रविवारी पुन्हा दाखवत असे. कार्सनला ते तिथून काढून हवे होते. रिकाम्या होणाऱ्या वेळेसाठी लॉर्न मायकल्स या कॅनडातून आलेल्या तरुण निर्मात्याला विचारण्यात आले. 11 ऑक्टोबर 1975 ला पहिला भाग झाला. सूत्रधार होता जॉर्ज कार्लिन. त्याने एकपात्री विनोद केले, स्किटमध्ये कामच केले नाही. त्या रात्री दोन गायक होते, शिवाय अँडी कॉफमन हा विनोदी कलाकार ग्रामोफोनशेजारी उभा राहून गाण्याच्या एकाच ओळीवर ओठ हलवत होता. दुसऱ्या भागात गायक पॉल सायमन आला आणि बहुतेक वेळ गाण्यांतच गेला. म्हणजे पहिल्या दोन भागांचे परीक्षण करणाऱ्याला हा स्किटचा कार्यक्रम आहे असे खात्रीने म्हणताही आले नसते. सुरुवातीचे स्किट, सूत्रधाराचे मनोगत, मधोमध खोट्या बातम्या, गायकाची दोन गाणी, हा आज पाठ झालेला साचा पुढच्या काही महिन्यांत घडत गेला.

आता मुख्य गोष्ट, आठवड्याची. सोमवारी त्या आठवड्याच्या पाहुण्या सूत्रधारासमोर लेखक-नट कल्पना मांडतात. मंगळवारी रात्रभर लिखाण चालते. बुधवारी सगळे एका टेबलाभोवती बसून चाळीसेक संहिता वाचतात आणि त्यातल्या मोजक्याच निवडल्या जातात. गुरुवार-शुक्रवारी तालमी. तोवर ब्रुकलिनमधल्या कारखान्यात सेट ठोकले जात असतात. शनिवारी रात्री आठला खऱ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, आणि तीही प्रत्यक्ष कार्यक्रमापेक्षा लांब. ती संपल्यावर साडेअकराच्या आत ठरते की कोणते स्किट राहणार, कोणते जाणार, कोणाची जागा बदलणार आणि कोणते वाक्य छाटायचे. बदल इतक्या उशिरा होतात की पाठांतराला वावच नसतो. म्हणून मोठमोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर हाताने लिहिलेले संवाद कॅमेऱ्याशेजारी धरले जातात. नटांची नजर समोरच्या पात्राकडे न जाता बाजूला का जाते, याचे उत्तर त्या पुठ्ठ्यात आहे. 'नट वाचत होता' एवढेच लिहून थांबणारे परीक्षण मला अपुरे वाटते. वाचतानाही ज्याचे टायमिंग सुटत नाही तो नट मोठा, आणि ते दाखवून देणे समीक्षकाचे काम आहे.

शेवट न सापडणे हाही याच धावपळीचा परिणाम. स्किटची कल्पना दोन मिनिटांत उलगडते, मग ती चढवत न्यायची असते, आणि नेमके तिथे मंगळवारची रात्र संपलेली असते. एकांकिका लिहिणाऱ्या कुणालाही हे दुखणे परके नाही. फरक इतकाच की एकांकिका स्पर्धेपर्यंत महिनाभर घासता येते.

अमेरिकेत या कार्यक्रमाच्या प्रत्येक भागावर लिहिण्याची पद्धत इंटरनेटबरोबर रुजली. 'द ए.व्ही. क्लब'सारख्या संकेतस्थळांवर भागाला परीक्षेसारखी अक्षरी श्रेणी मिळू लागली, सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट स्किट कोणते हे सांगितले जाऊ लागले. नाटकाचे परीक्षण वाचून प्रेक्षक पुढच्या प्रयोगाचे तिकीट काढतो किंवा काढत नाही. इथे पुढचा प्रयोग नसतोच, ते स्किट पुन्हा होणार नसते. त्यामुळे लिहिणाऱ्याला शिफारस करायची नसते. त्या रात्री काय ठरवले गेले आणि ते प्रेक्षकांपुढे कसे उतरले, याची नोंद ठेवायची असते.

आपल्याकडचा मार्ग वेगळा. त्या दिवसाच्या घडामोडीवर रंगमंचावरूनच टोला हाणण्याची रीत तमाशाच्या बतावणीत आणि वगात होतीच. 1965 मध्ये आलेल्या वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके प्रयोगागणिक ताजे संदर्भ घालत, म्हणून लोक तेच वगनाट्य पुन्हा पुन्हा बघायला जात. खऱ्या अर्थाने थेट विनोद तो. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि विनायक चासकरांच्या 'गजरा'ने छोट्या प्रहसनांना पडदा दिला. रंगभूमीवरची माणसे तिथे आली, लेखनाला मान होता.

पुढे खासगी वाहिन्यांवर स्किट परतले ते स्पर्धा म्हणून. 'फू बाई फू'मध्ये परीक्षक होते. 2018 मध्ये सुरू झालेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्येही परीक्षकांच्या खुर्च्या आहेत. (2014 च्या 'चला हवा येऊ द्या'त त्या जागी चित्रपटाची पाहुणी मंडळी आली.) याचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही: स्किट संपताच त्याची दाद कार्यक्रमाच्या आतच दिली जाते. कॅमेरा परीक्षकाच्या हसण्यावर जातो, कौतुकाचे चार शब्द होतात, आणि घरी बसलेल्याला वाटते की मत देऊन झाले. बाहेरून भागाभागाचे परीक्षण लिहिण्याची सवय मराठीत वाढली नाही याचे हे एक मोठे कारण आहे, असे माझे ठाम मत आहे. या कार्यक्रमांतले लेखक आणि नट फार कष्टाने विनोद उभा करतात. त्यांना टाळ्यांपलीकडचे, बारकाईने लिहिलेले काही मिळायला हवे.

आणि ते लिहिण्याची शिस्त आपल्याकडे आहे. माधव मनोहर, कमलाकर नाडकर्णी या समीक्षकांनी नाटकाबद्दल जे लिहिले त्यात संहिता, दिग्दर्शन, नटाचे काम, प्रेक्षकांची साथ हे सगळे वेगवेगळे तोलले जाई. ठाण्यात 1978 पासून राम गणेश गडकरी रंगायतन आहे, पुढे घाणेकर नाट्यगृह झाले, वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह. 'बाळकराम' या नावाने विनोद लिहिणाऱ्या गडकऱ्यांचे नाव मिरवणाऱ्या वास्तूत वाढलेला प्रेक्षक हशा कुठे पडला आणि कुठे पडायला हवा होता, हे बरोबर ओळखतो. तोच कान टीव्हीवरच्या भागाला लावायचा आहे.

अडचण येते ती तुकड्यांची. 17 डिसेंबर 2005 ला 'लेझी संडे' नावाची आधीच चित्रित केलेली छोटी फिल्म 'सॅटरडे नाइट लाइव्ह'मध्ये दाखवली गेली आणि त्या वेळी नवख्या असलेल्या यूट्यूबवर पसरली. फेब्रुवारी 2006 मध्ये एनबीसीने ती तिथून काढायला लावली. पण पुढे वाहिनी स्वतःच जवळजवळ प्रत्येक स्किट सुटे करून यूट्यूबवर टाकू लागली, आणि रंगीत तालमीनंतर गळलेलीही काही त्यात आली. आपल्या वाहिन्याही आता हेच करतात. तुकडा बघणाऱ्याला आधीचे स्किट पडले होते की नाही, प्रेक्षक तापलेले होते की थंड, हे कळत नाही. भागातला क्रम नाहीसा होतो. एक वाजता संपणाऱ्या या कार्यक्रमात बाराच्या पुढे, शेवटच्या दहा मिनिटांत, बहुतेकदा सर्वांत विक्षिप्त स्किट ठेवलेले असते, कारण तोवर धोका पत्करता येतो. ते जागेवर बघितले तरच त्याचे धाडस दिसते. तेव्हा रविवारी परीक्षण लिहायला बसणाऱ्यांनी भाग सलग पाहावा, पडलेली स्किटही पूर्ण पाहावीत, आणि यूट्यूबवर आलेले गळलेले स्किट शेजारी ठेवून विचारावे की शनिवारी रात्री ते काढून जे ठेवले, ते का ठेवले.