प्रदर्शन बघून आल्यावर: भुसावळची कबर, चाळीसगावचा बंगला आणि बर्फाची लादी

गेल्या रविवारी जळगावात एका छोट्या गॅलरीत फोटोंचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. एकच हॉल, तीसेक फ्रेम, बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट, तापीकाठची माणसं नि केळीच्या बागा. दारातच शेजारचे काका भेटले, म्हणाले, "काय रे भो, हे पुण्या-मुंबईचं फॅड आता आपल्याकडे पण आलं म्हण." तेव्हा हसून आत गेलो, पण मनाला लागलंच ते, कारण खान्देशाचं आणि फोटोचं नातं फार जुनं आहे आणि आपल्याच लोकांना ते माहीत नसतं.

पॅरिसला फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला १८३९ मध्ये आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ ला, म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत. त्याच सुमाराला कंपनी सरकारच्या डोक्यात आलं की लेण्या-मंदिरांची चित्रं हाताने काढत बसण्यापेक्षा कॅमेरा बरा. इथे आपल्या भागाचा संबंध येतो तो रॉबर्ट गिलमुळे. हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करायला १८४४ ला त्याची नेमणूक झाली आणि तो जो इकडे आला तो इकडचाच झाला. लेणी तेव्हा निजामाच्या हद्दीत, आपल्या अगदी सीमेला, आजही जळगावहून साठेक किलोमीटर. वर्षानुवर्षं खपून केलेली ती मोठमोठी चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. पुढे जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ ला लंडनमध्येच आगीत गेल्या. मला हे वाचताना दर वेळी गलबलून येतं.

पण गिलने १८५६ च्या सुमारास कॅमेरा हातात घेतला होता. १८६४ ला लंडनला लेण्यांवरचं एक पुस्तक निघालं त्यात त्याचे ७४ फोटो आहेत, शिवाय दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने काढलेले जोडफोटो वेगळेच, जे स्टिरिओस्कोपमधून बघितले की खांब अंगावर आल्यासारखे दिसतात. चित्रं गेली आणि फोटो राहिले. त्या काळात ओल्या काचेची पद्धत चालायची, म्हणजे काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असेपर्यंत फोटो काढायचा आणि लगेच तिथेच धुवायचा, काच वाळली की संपलं, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला माहितीच आहे. एप्रिल १८७९ मध्ये आजारी गिलला भुसावळला नेत असताना तो वारला. भुसावळला युरोपियन लोकांच्या कब्रस्तानात त्याला पुरलंय. आपण भुसावळला गाडी बदलतो, केळी घेतो, चहा पितो, आणि हे कुणी सांगत नाही.

दुसरं नाव चाळीसगावचं, फोटोग्राफर केकी मूस. जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबईचं पारशी घर, इंग्लंडला जाऊन कला शिकून आले आणि मग चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात जे राहिले ते जवळजवळ पन्नास वर्षं, बाहेर पडणं जवळपास नाहीच, ३१ डिसेंबर १९८९ ला गेले तेही तिथेच. बंगल्याचं नाव रेम्ब्रांट्स रिट्रीट. आता तिथे त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे. गावात कुणालाही विचारा, आधी प्रेमाची गोष्ट सांगतील, त्यांची प्रेयसी मेल गाडीने येणार होती आणि हे रोज वाट बघायचे. असेल तसं, पण या गोष्टीपुढे लोक फोटो बघायचंच विसरतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण त्यांचं खरं काम टेबलटॉपचं. टेबलावर वाळू, कापूस, मीठ, काटक्या, काचेचे तुकडे असलं काहीबाही मांडून अख्खा देखावा उभा करायचा आणि दिवा असा धरायचा की फोटोत ते खरं रान, खरं बर्फ वाटलं पाहिजे. हे सोपं नाहीये. एवढ्या जवळून फोटो काढताना पुढची काटकी स्पष्ट आली की मागची धूसर होते, म्हणून लेन्सचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं, मग उजेड कमी पडतो, मग एक्सपोजर लांबवायचं आणि तेवढा वेळ काहीच हलता कामा नये. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने जग घरात आणलं ते असं. देशविदेशातून शेकडो बक्षिसं मिळाली त्यांना.

बाकी गावोगावचे स्टुडिओ, सारंगखेड्याच्या यात्रेतले रंगवलेले पडदे, बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री कॅमेरा आणि त्याच्या रोलवरचे मोजून बारा फोटो, हे आपल्यातल्या पुष्कळांनी बघितलंय. पण रोल धुवायचा त्रास लोकांना कळत नाही. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, साधारण २० अंशाला लागतो आणि मे महिन्यात जळगावात टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, पाणी गरम झालं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, सुरकुततो, कधी सुटूनच येतो. म्हणून मोठ्या ट्रेमध्ये बर्फ, त्यात डेव्हलपरचा छोटा ट्रे, पंखा बंद, दार बंद, अंगाला धारा. रविवारच्या प्रदर्शनात काही फ्रेम फिल्मवरच्या होत्या, फोटोग्राफर सत्तरीचे गृहस्थ, त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारला. म्हणाले, "लादी आणायचो बर्फाची, सायकलवर, गोणपाटात गुंडाळून. घरी येईपर्यंत निम्मी राहायची, मग रात्री बारानंतर बसायचो." आणि मग हाताला धरून ते मला परत पहिल्या फ्रेमपाशी घेऊन गेले, कोपऱ्यात एक बारीक सुरकुती होती ती दाखवायला.