बीटी पिकांतील मिश्र बियाणे

बीटी म्हणजे अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या वाणाच्या बियाण्यात त्याच पिकाचे बीटी जनुक नसलेले बी ठरावीक प्रमाणात मिसळून एकाच पिशवीतून विकण्याची ही पद्धत आहे. कीड बीटी विषाला लवकर सरावू नये, हा तिचा हेतू. अमेरिकेत मक्यासाठी ती २०१० च्या सुमारास सुरू झाली. भारतात बीटी मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्याला ही पद्धत भेटते ती कपाशीच्या पाकिटात.

अळीला विष पचवू देणारे प्रतिकाराचे जनुक बहुधा सुप्त असते, म्हणजे आई-बाप दोघांकडून आले तरच त्याचा परिणाम दिसतो. बीटी झाडांवर तगलेल्या मोजक्या पतंगांचे मीलन साध्या (बीटी नसलेल्या) झाडांवर वाढलेल्या पुष्कळ पतंगांशी झाले, तर पिल्लांत ते जनुक एकेरीच उतरते आणि विषाची पूर्ण मात्रा त्यांना मारते. यासाठी पूर्वी ४५० ग्रॅम बीटी सरकीबरोबर १२० ग्रॅम साध्या सरकीची वेगळी पुडी मिळे. ती शेताभोवती पाच ओळींत किंवा २० टक्के क्षेत्रावर, जे अधिक असेल तितके, लावायची होती. बांधाकडेच्या ओळी अळीला वाढून ठेवाव्यात, हे फारच थोड्यांना पटले. पुडी फेकली जाई, नाहीतर नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला वापरली जाई. काही पाकिटांत तुरीचे बी असे. तूर घाटेअळीला चालते. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत तिचा उपयोग नाही. पुढे ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ५ ते १० टक्के साधी सरकी मिसळूनच येऊ लागली, त्यामुळे टाळाटाळीचा प्रश्न मिटला.

मिसळीचा खरा दोष अळीच्या फिरण्यात आहे. साध्या झाडावर जन्मलेली अळी मोठी होऊन शेजारच्या बीटी झाडावर गेली, की तिला मारू न शकणारी अपुरी मात्रा मिळते आणि प्रतिकाराचे एकेरी जनुक असलेली अळी नेमकी तेव्हा वाचते. मक्यात याहून अवघड गोष्ट घडते. बीटी झाडाचे पराग साध्या झाडाच्या कणसावर पडतात, त्यामुळे एकाच कणसात काही दाणे विषारी, काही साधे असतात आणि दाणे खाणारी अळी दोन्ही चाखत वाढते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूसपट्ट्यात मिश्र बियाणे पेरणाऱ्यालाही साध्या मक्याचा २० टक्के वेगळा पट्टा ठेवावा लागतो, तो याच धास्तीने.

गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की सहसा दुसऱ्या झाडावर जात नाही, म्हणून तिच्याबाबत मिसळ अधिक सयुक्तिक ठरते. चीनमधील यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी बीटी-साध्या संकराच्या दुसऱ्या पिढीची सरकी पेरली, तेव्हा शेतात सुमारे चौथा हिस्सा झाडे आपोआप साधी निघाली आणि २०१० नंतर तेथील अळीचा प्रतिकार घटला.

आपल्याकडे मात्र बोंडच मिश्र आहे. संकरित वाणांच्या बहुतेक झाडांत बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेले असते. त्यामुळे अशा झाडाच्या बोंडातील, स्वपरागणाने तयार झालेल्या सरकीपैकी सुमारे एक चतुर्थांश दाण्यांत त्या जनुकाचा मागमूस नसतो, आणि दोन जनुकांच्या वाणात सोळातला एक दाणा दोन्हींवाचून असतो. अळी एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी सरकी कुरतडत वाढते. पाकिटात काय मिसळले यापेक्षा ही घरातलीच मिसळ अधिक भोवली असावी.

एक जनुकाची बीटी कपाशी २००२ मध्ये आणि दोन जनुकांची २००६ मध्ये आली. गुजरातेतील गुलाबी बोंडअळीत पहिल्या जनुकाला प्रतिकार असल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले, काही वर्षांत दुसरेही निष्प्रभ ठरले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील पऱ्हाटीत (कपाशीत) डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले, व किडकी बोंडे दिसली. दोन्ही विषे पचवणाऱ्या अळीपुढे साधी सरकी मिसळून फारसे साधत नाही. तेथे फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेले पीक) न घेणे, पऱ्हाट्या वेळेत काढून नष्ट करणे आणि मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांवर पतंग मोजून फवारणी ठरवणे हेच उपयोगी पडते.

सिल्लोड, कन्नड, भोकरदन भागातील मक्यावर २०१८ नंतर अमेरिकन लष्करी अळीचा उपद्रव सुरू झाला. तिची लहान पिल्ले धाग्याला लोंबकळत वाऱ्याने शेजारच्या झाडावर जातात आणि तिथे पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) शिरतात. पुएर्तो रिकोत या अळीने एक बीटी विष २००६ च्या सुमारासच निकामी केले होते. बीटी मका इथे आलाच, तर मिसळलेल्या पिशवीपेक्षा वेगळा पट्टाच अधिक उपयोगी ठरण्याची शक्यता आहे.