सिंथेटिक ऑइल टाकायचंय म्हणून फ्लश मारायचा का? जास्त चाललेल्या गाड्यांसाठी माहिती

गणपती जवळ आले की आमच्या गॅरेजवर ठरलेली मागणी सुरू होते, गाडी दीड-दोन लाख किलोमीटर चाललीय, आजवर साधं मिनरल ऑइल होतं, आता सिंथेटिक टाकायचंय तर आधी फ्लश मारून इंजिन आतून स्वच्छ करून द्या. तर आधीच सांगतो, नुसतं मिनरलवरून सिंथेटिकवर जायचंय म्हणून फ्लश लागत नाही. दोन्ही ऑइल एकमेकांत मिसळतात, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात, थोडं जुनं राहिलं तरी काही बिघडत नाही, आणि थोडं राहतंच, कितीही वेळ नट उघडा ठेवला तरी.

फ्लश म्हणजे काय तर रॉकेलच्या जातीचं पातळ द्रावण आणि त्यात साफ करणारी रसायनं. जुन्या ऑइलमध्येच बाटली ओतायची, गाडी जागेवर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची, रेस द्यायची नाही, चालवायची तर अजिबात नाही कारण ऑइल तेव्हा पातळ झालेलं असतं, मग सगळं काढून फिल्टरसकट नवीन. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीत याने नुकसान सहसा होत नाही पण फायदाही फारसा दिसत नाही, म्हणजे पैसे गेले एवढंच.

खरी भीती आहे ती दुर्लक्ष झालेल्या गाडीत. ऑइल वेळेवर न बदलता वर वर टॉपअप करत राहिलं की आत काळा डांबरासारखा गाळ बसतो, टॅपेट कव्हरखाली म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखाली, चेंबरच्या तळाला. तो जागेवर आहे तोवर गाडी कशीबशी चालते. फ्लशने त्याचे तुकडे सुटले की ते ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, जाळी तुंबली की प्रेशर पडतं, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि त्यानंतरही कोणी गाडी तशीच पुढे नेली तर बेअरिंग आणि टर्बो, इंजिनच उघडायची पाळी. फ्लशची बाटली काही शेकड्यांत येते, इंजिनचं काम त्या मानाने कुठे जातं ते तुम्हाला माहितीय.

मग ओळखायचं कसं? इंजिन थंड असताना ऑइल टाकायचं झाकण उघडा आणि मोबाईलच्या टॉर्चने आत बघा. धातूवर तपकिरी झाक असेल तर काळजी नको. बोटाला काळा घट्ट चिकटा लागला तर फ्लशचं नाव काढू नका, आमच्याकडे आणा, चेंबर खाली उतरवून जाळी हाताने साफ करणं हाच धड उपाय. झाकणाखाली दह्यासारखं पांढरट दिसलं तर घाबरू नका, आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट आणि गाडी बाजारापर्यंत जाऊन परत, इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे आतली वाफ उडून जात नाही. एकदा हायवेला लांब चालवली की बहुतेक वेळा जातं. पण सोबत कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली पट्टी, तपासावीच लागेल. आणि डिझेल गाडीचं नवीन ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडलं म्हणून तक्रार घेऊन येतात, ती काजळी आहे, ऑइल आपलं कामच करतंय.

आम्ही काय करतो, तर सिंथेटिक टाकतो, नवीन फिल्टर लावतो आणि पहिल्या वेळेला दोन-तीन हजार किलोमीटरवरच पुन्हा दोन्ही बदलतो. ऑइलमध्ये स्वतःचंच डिटर्जंट असतं, ते गाळ हळूहळू सोडवतं. हे थोडं महाग पडतं खरं, पण अंगावर येत नाही. जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं की गळती लागते असं म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे, म्हणजे ऑइल सील आधीच कडक झालेला असतो, चिकट्याने भोक बुजलेलं असतं, चिकटा गेला की थेंब पडायला लागतात. सील बदलला की विषय संपला.

ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट ते सांगणारे आकडे, मात्र मॅन्युअलमध्ये आहे तोच घ्या. 15डब्ल्यू-40 वाल्या जुन्या इंजिनात कोणी सांगितलं म्हणून 0डब्ल्यू-20 टाकू नका, पहिला आकडा थंडीत गाडी सुरू होण्यासाठी असतो आणि रत्नागिरीत कसली आलीय तेवढी थंडी. 2020 नंतरच्या बीएस6 डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचंच ऑइल लागतं, डब्यावर त्याची सी2 किंवा सी3 अशी खूण असते, काय लिहिलंय ते मॅन्युअलशी जुळवा. बाइकवाल्यांनी हे सगळं विसरा, तिथे क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, फ्लश नको आणि कारचं ऑइल तर नकोच, डब्यावर जासो एमए किंवा एमए2 ही बाइकच्या ऑइलची खूण बघून घ्या.

आणि डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन धुवायचा जुना प्रकार अजून काही जण घरी करतात, कृपया नको, त्याला वंगण म्हणून काही ताकद नसते, बेअरिंग कोरडी घासतात.

घरी ऑइल बदललंत तर काळं ऑइल परड्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका, कॅनमध्ये भरून आमच्याकडे द्या, आम्ही ते रिसायकलिंगवाल्याला देतो. वाळवीसाठी लाकडाला लावायला मागतात बरेच जण, आम्ही देत नाही, राग मानू नका.