न पिणाऱ्यांचा रकाना : पार्श्वभूमी

दारूचं व्यसन घराण्यात उतरतं हे निरीक्षण जुनंच. १९७० च्या दशकात डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासांनी त्यातून संगोपनाचा भाग वेगळा काढायचा प्रयत्न केला. जुळ्यांच्या अभ्यासांत अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा निघाला. अमेरिकेत १९८९ पासून कुटुंबं मोठ्या प्रमाणावर गोळा होऊ लागली: उपचाराला आलेला मूळ रुग्ण घ्यायचा आणि सख्ख्या नात्यात आणखी दोघं व्यसनी निघाले की वंशावळ वाढवत न्यायची.

अशा अभ्यासांत खरा वाद आहे कधीच न प्यायलेल्यांना कुठल्या रकान्यात घालायचं याचा. जनुकं जोखमीची असली तरी दारू पोटात गेल्याशिवाय व्यसन दिसणार नाही. म्हणून अशा माणसाला ‘निरोगी’ न धरता ‘अज्ञात’ धरावं लागतं. वडोदऱ्यात हा ‘अज्ञात’चा रकाना फुगतो. १९४९ चा दारूबंदी कायदा मुंबई प्रांताचा, बडोदा संस्थान त्याच वर्षी त्यात विलीन झालं आणि १९६० नंतर गुजरातनेही बंदी कायम ठेवली. रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या मराठी घरात आजी, आत्या, काकू बहुधा ‘अज्ञात’ ठरतात आणि वंशावळीचा मोठा भाग विश्लेषणाला जवळजवळ निरुपयोगी होतो. तरीही संख्या वाढवायला त्यांना निरोगी म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

दुसरी अडचण कबुलीची, कारण इथे पिणं हाच गुन्हा. म्हणून नावांची यादी आणि मुलाखतीचे कागद वेगळ्या कुलपात, मध्ये फक्त क्रमांक. मुलाखत दारू सुटतानाचा थरकाप ओसरल्यावर आणि प्रत्येकाची एकट्याने. आई शेजारी बसली की मुलगा ‘सणासुदीला’ म्हणतो. नातेवाइकांना रुग्णाने स्वतः विचारायचं, संशोधकाने परस्पर फोन करायचा नाही, आणि संमती ज्याची त्याची. जनुकं तपासायचं रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत घ्यायचं. हेपारिनही रक्त गोठू देत नाही, पण पुढे पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेला, अडथळा करतं.

निकषही बदलत गेले. मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत दारूमुळे वारंवार येणाऱ्या कायदेशीर अडचणी हे गैरवापराचं एक लक्षण होतं. बंदीच्या राज्यात बाटली जवळ सापडली तरी अडचण येते, त्यामुळे ते लक्षण आजार कमी आणि पोलीस जास्त मोजायचं. २०१३ मध्ये ते वगळलं, ‘तीव्र ओढ’ आली आणि ११ पैकी २ लक्षणं निदानाला पुरेशी ठरली. फक्त अंतिम निदान लिहून ठेवलेल्या फायली नव्या निकषांत बसवता येत नाहीत. प्रत्येक लक्षणाचं उत्तर वेगळं नोंदलेलं असेल तर बऱ्याचशा बसतात. ओढीबद्दल विचारलंच नसेल, तर त्या घरी पुन्हा जावं लागतं.