नॉर्वेच्या क्रूझला निघताना : मनगटी घड्याळ घ्याच

‘नॉर्दर्न लाइट्स दिसतील ना?’ बुकिंग झालं की पहिला फोन हाच येतो. रात्रीच्या आकाशातला तो रंगीत प्रकाश जून-जुलैत नाही दिसणार. त्या दिवसांत नॉर्वेच्या बर्गन बंदरात रात्री ११ वाजताही उजेड असतो. नॉर्दर्न लाइट्स बघायचे असतील तर हिवाळ्यात जावं लागतं. तीही सहल आम्ही करतो. उजेडात झोप न येणाऱ्यांनी खिडकी नसलेली आतली केबिन घ्यावी. ती स्वस्तही पडते, आणि वाचलेल्या पैशांत फ्लोम गावातून डोंगरावर चढणाऱ्या रेल्वेची सफर होते. समुद्रकाठावरून ८६६ मीटर उंचीवर, २० किलोमीटरला जवळजवळ तास. तिकिटं आम्ही आधीच काढून ठेवतो.

जहाज साउदम्प्टनहून सुटतं, म्हणून व्हिसा दोन : ब्रिटनचा आणि नॉर्वेसाठी शेंगेन. रेनकोट हवाच. बर्गनचा पाऊस म्हणजे कोकणातलाच, फक्त गार.

आता घड्याळाचं. नॉर्वे ब्रिटनच्या एक तास पुढे आहे, त्यामुळे वाटेत एका रात्री जहाजावरची घड्याळं तासभर पुढे करतात. आणि समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, असं आम्हीच बजावतो, कारण जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क चुकून लागलं तर बिल बघवत नाही. पण असा बंद ठेवलेला फोन बऱ्याचदा ब्रिटनचीच वेळ दाखवत राहतो. मागे आमचे एक काका बर्गनच्या मासळीबाजारात निवांत फिरत होते. फोनवर साडेतीन, जहाजावर साडेचार, आणि साडेचारला सगळ्यांनी परत यायचं होतं! काका धापा टाकत पोचले, तेव्हा फक्त त्यांच्यासाठीच गँगवे, म्हणजे जहाजात चढायचा जिना, खाली होता.

स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. सुटलं, तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. गाइरांगर गावाला तर जहाज बऱ्याचदा फियोर्डमध्येच, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीतच, नांगर टाकतं आणि काठावर ने-आण छोट्या बोटीने होते. तिथे शेवटच्या बोटीची वेळ हीच तुमची वेळ.

म्हणून जहाजावरची घड्याळं पुढे करतात त्या रात्री आमचा टूर मॅनेजर जेवणाच्या टेबलापाशी येऊन प्रत्येकाचं घड्याळ बघतो, आणि परतायची वेळ जहाजाच्या वेळेच्या तासभर आधीची सांगतो. ‘शाळेच्या सहलीला आलोय का?’ असं काही जण म्हणतात. म्हणोत. आजवर आमचं कुणी मागे राहिलेलं नाही.

घड्याळ साधं, काट्यांचं चालेल. निघायच्या आधी सेल तेवढा नवा टाकून घ्या.