डिशला सगळं दिसतं, घरात मात्र काळा पडदा : अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या प्रक्षेपणाची पार्श्वभूमी

नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला ॲपलाचियनच्या डोंगररांगा आहेत. तिथल्या एखाद्या खेड्यातलं, १९९६ सालच्या हिवाळ्यातलं घर डोळ्यांसमोर आणा. छपरावर परातीएवढी नवीकोरी डिश. रात्री राज्यातल्याच विद्यापीठाचा बास्केटबॉलचा सामना ईएसपीएन या देशभर दिसणाऱ्या क्रीडा वाहिनीवर. घरधनी जेवून रिमोट घेऊन बसतो, वाहिनी लावतो आणि पडद्यावर पाटी येते : हा कार्यक्रम आपल्या भागात उपलब्ध नाही. तिकडे कॅलिफोर्नियात दिसतोय, टेक्सासमध्ये दिसतोय, आणि ज्यांच्या पोरांचा सामना त्यांनाच बंदी.

कारण साधं होतं. तोच सामना स्थानिक वाहिनीवर चालू होता. बरं, मग स्थानिक वाहिनी लावू! पण ती डिशवर नाही, कारण गावोगावच्या वाहिन्या डिशवरून दाखवायची सोय तेव्हाच्या कायद्यात नव्हती. ती धरायची तर छपरावर जुना अँटेना हवा, आणि अँटेनाच्या वाटेत डोंगर उभा. डोंगरामुळेच तर डिश घेतली होती.

हा काळा पडदा उपग्रहाने आणला असं बऱ्याच जणांना वाटतं. उपग्रहाचा त्यात काडीचा दोष नाही. त्याचा झोत अख्ख्या देशावर सारखाच पडतो. कुठे दाखवायचं आणि कुठे नाही याचा नकाशा उपग्रहाच्या कितीतरी आधी कागदावर आखला गेला होता, आणि तो आखला गेला तो बराचसा याच नॉर्थ कॅरोलायनात.

कॉलेज बास्केटबॉल टीव्हीवर पहिल्यांदा दिसला तो २८ फेब्रुवारी १९४० रोजी. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिट्सबर्गने फोर्डमला ५७-३७ असं हरवलं, आणि एनबीसी या प्रक्षेपण कंपनीच्या प्रायोगिक केंद्राने ते दाखवलं. बघणारे मूठभर. त्या प्रक्षेपणाने कुणाचं काही बिघडलं नाही, त्यामुळे कुणी काही नियमही केले नाहीत.

नियम आले ते अमेरिकी फुटबॉलसाठी. युद्धानंतर घरोघरी टीव्ही आले तसं विद्यापीठांच्या पोटात गोळा आला : लोक घरी बसून सामना बघू लागले तर स्टेडियम कोण भरणार? म्हणून विद्यापीठांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या संस्थेने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच फुटबॉलचं प्रक्षेपण आपल्या मुठीत घेतलं. कोणता संघ टीव्हीवर किती वेळा दिसणार हे संस्था ठरवणार. हंगामातल्या बास्केटबॉलकडे मात्र तिने लक्ष दिलं नाही. तो तेव्हा धाकटा भाऊ होता, त्यातून फार पैसा निघेल असं कुणाला वाटत नव्हतं. पुढचा सगळा गुंता या दुर्लक्षातून निघाला. हंगामातल्या सामन्यांचा मालक वरून कुणी नाही, म्हणून प्रत्येक विद्यापीठ आणि विद्यापीठांचा प्रत्येक गट, ज्याला तिथे कॉन्फरन्स म्हणतात, आपापला माल आपापल्या मुलखात विकू लागला.

मुलूख आखणारा पहिला मोठा माणूस म्हणजे सी. डी. चेसली, फिलाडेल्फियाचा निर्माता. १९५७ साली नॉर्थ कॅरोलायनाचा संघ एकही सामना न हरता अंतिम फेरीच्या शहरात, कॅन्सस सिटीत पोचला. चेसलीने राज्यातली पाच टीव्ही केंद्रं जोडून ते सामने घरी दाखवले. अंतिम सामना तीन जादा डावांपर्यंत ताणला गेला. समोर कॅन्ससचा संघ, त्यात विल्ट चेंबरलेन नावाचा डोंगर, आणि तरी नॉर्थ कॅरोलायना ५४-५३ असं जिंकलं. त्या रात्री राज्याला जे वेड लागलं ते आजतागायत उतरलेलं नाही. रॅली, डरहॅम, कॅरी या पट्ट्यात आता बरीच मराठी कुटुंबं आहेत. पोरगं तिथल्या कॉलेजात गेलं की क्रिकेटवर पोसलेल्या आईबापांनाही ड्यूक विद्यापीठाचा संघ आपला की कॅरोलायनाचा ते ठरवावं लागतं.

पुढच्याच वर्षापासून चेसलीने, नॉर्थ कॅरोलायना ज्या गटात आहे त्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे, म्हणजे एसीसीचे, सामने नेमाने दाखवायला सुरुवात केली. प्रायोजक होती ग्रीन्सबरोची पायलट लाइफ ही विमा कंपनी, आणि तिचं जहाजाचं जाहिरातगीत तिथल्या दोन पिढ्यांना तोंडपाठ आहे. चेसलीनंतर थोड्याच काळात हा धंदा रेकॉम आणि जेफरसन-पायलट या कंपन्यांच्या जोडीकडे गेला. पद्धत तीच राहिली. ठरावीक राज्यांतल्या ठरावीक केंद्रांना सामना विकायचा आणि त्या मुलखात दुसऱ्या कुणालाही तो दाखवू द्यायचा नाही. केंद्र पैसे मोजतं ते या दुसऱ्या अर्ध्या वाक्यासाठी.

देशभर एकच सामना दाखवता येतो हे सिद्ध केलं एडी आइनहॉर्न या प्रक्षेपणाचा धंदा करणाऱ्या माणसाने. २० जानेवारी १९६८, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम. ह्यूस्टन विरुद्ध यूसीएलए, एल्विन हेज विरुद्ध लू अल्सिंडर (जो पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला). बेसबॉलच्या त्या अवाढव्य मैदानात बास्केटबॉलची लाकडी फरशी नव्हतीच, ती लॉस एंजेलिसहून आणून मधोमध अंथरली. प्रेक्षक ५२,६९३, आणि सगळ्यात पुढचा प्रेक्षकही फरशीपासून लांब. ह्यूस्टन ७१-६९ असं जिंकलं. आइनहॉर्नने या सामन्याचे हक्क घेतले होते २७,००० डॉलरला. एनबीसीसारख्या देशभर दिसणाऱ्या मोठ्या नेटवर्कना हंगामातला सामना रात्रीच्या मोक्याच्या वेळी नको होता, म्हणून त्याने शंभराहून अधिक केंद्रांची मोट स्वतःच बांधली. त्यानंतर बास्केटबॉलला कुणी धाकटा भाऊ म्हटलं नाही.

उपग्रहाची गोष्ट इथून अकरा वर्षांनी येते, आणि तिचा आरंभ जरा गमतीचा आहे. बिल रासमुसेन हा हॉकी संघातली नोकरी गेलेला माणूस. त्याला कनेक्टिकट राज्यापुरते विद्यापीठाचे सामने केबलवर दाखवायचे होते. चौकशी करता कळलं की उपग्रहावरची जागा रात्री पाच तास भाड्याने घेण्यापेक्षा चोवीस तास घेणं स्वस्त पडतं. घेतली. आता चोवीस तास भरायचे कशाने? ७ सप्टेंबर १९७९ रोजी ईएसपीएन सुरू झालं, आणि हिवाळ्यात तास भरायला कॉलेज बास्केटबॉलइतका मुबलक माल दुसरा नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड समोरासमोर आलेला अंतिम सामना अमेरिकेतला सर्वाधिक पाहिला गेलेला कॉलेज बास्केटबॉलचा सामना ठरला होता. मागणी तयारच होती.

ईएसपीएनचा माल देशभर पडत होता आणि एसीसीच्या मुलखात रेकॉमचा करार उभा होता. एकाच सामन्याचे दोन धनी. तोड निघाली ती अशी : ईएसपीएनने उरलेल्या देशात दाखवावं आणि एसीसीच्या मुलखात पडदा टाकावा. केबलवर हे सोपं होतं, केबलवाला आपल्या गावापुरता त्या वेळेला दुसरं काहीतरी लावी.

अंगणात आठ-दहा फुटी छत्री असलेल्यांना मात्र कुणी अडवू शकत नव्हतं. ऐंशीच्या दशकातले हे छत्रीवाले म्हणजे एक स्वतंत्र जमात. मोटरवर छत्री फिरवत एका उपग्रहावरून दुसऱ्यावर जायचं, प्रत्येक खणात काय चाललंय ते वहीत टिपायचं. सामन्याच्या जागेहून स्टुडिओकडे जाणारं कच्चं चित्रही सापडायचं. त्यात जाहिराती नसत. मधल्या वेळात समालोचक टाय सारखा करताना, कुणावर तरी करवादताना दिसायचा. सामना त्यांच्याच मुलखात झाकलेला असला तरी यांना दिसायचा. काही बारमालकांनी हीच युक्ती व्यावसायिक फुटबॉलसाठी केली. सेंट लुइसमधले असे बार छत्री लावून झाकलेले सामने दाखवत, तेव्हा त्या फुटबॉलची संघटना असलेल्या एनएफएलने त्यांना कोर्टात खेचलं आणि १९८६ मध्ये अपिलातही तीच जिंकली. त्याच वर्षी जानेवारीत एचबीओ या पैसे भरून घ्यायच्या वाहिनीने आपलं चित्र कुलूपबंद केलं. इतर वाहिन्याही मागोमाग गेल्या, आणि वहीवाल्यांचा सुवर्णकाळ ओसरला.

दरम्यान १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएची फुटबॉलवरची मूठ सोडवली. खटला ओक्लाहोमा विद्यापीठाचा, निकाल ७ विरुद्ध २. आता फुटबॉलही बास्केटबॉलच्या वाटेने गेला, ज्याचा त्याचा माल ज्याच्या त्याच्या मुलखात.

मार्च महिन्यातली राष्ट्रीय स्पर्धा तेवढी एनसीएएच्या हातात राहिली. तिथे प्रेक्षकांचं नुकसान वेगळ्या प्रकारे झालं. ऐंशीच्या दशकभर पहिल्या फेऱ्यांचे सामने ईएसपीएन दाखवायचं. १९९१ पासून सीबीएस या नेटवर्कने सात वर्षांसाठी एक अब्ज डॉलर मोजून सगळी स्पर्धा घेतली. एका वेळी चार सामने चालू आणि वाहिनी एक. मग तुमच्या गावच्या सीबीएस केंद्राला जो सामना वाट्याला येईल तो तुमचा. ओहायोत बसून ॲरिझोनाचा सामना हवा असेल तर सीबीएसला दया येऊन शेवटची दोन मिनिटं दाखवीपर्यंत थांबा.

छोट्या डिशवरून घरोघरी वाहिन्या देणारं डायरेक्टीव्ही जून १९९४ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन गावी सुरू झालं, डिश नेटवर्क १९९६ मध्ये. छोट्या डिशने दोन गोष्टी एकदम केल्या. बाहेरच्या मुलखातले सामने जादा पैसे घेऊन देणारं पॅकेज आलं, ईएसपीएनचं फुल कोर्ट. १९९९ पासून डायरेक्टीव्हीवर स्पर्धेसाठी मेगा मार्च मॅडनेस आलं : तुमच्या केंद्रावर न दिसणारे पहिल्या फेऱ्यांचे सामने विकत घ्या. आणि दुसरी गोष्ट, प्रत्येक घराच्या पेटीत एक कार्ड आलं. कंपनीकडे तुमचा पत्ता, पत्त्याचा पिनकोड, आणि कार्डाला वरून हुकूम : अमुक पिनकोडच्या पेट्यांनी अमुक वेळी ही वाहिनी उघडायची नाही. चित्र डिशपर्यंत येऊन पोचलेलं असे, पेटी ते उलगडायला नकार देई. मग दुसऱ्या राज्यातल्या भावाच्या पत्त्यावर जोडणी घेणारे बहाद्दरही निघाले.

पॅकेज घेऊनही पडदा पडे यावर लोक फार चिडत. पैसे भरले, तरी आपल्याच संघाचा सामना काळा! पण पॅकेजचा अर्थच ‘बाहेरचं’ असा होता. घरचा सामना घरच्या केंद्राने आधीच विकत घेतलेला असे. एकाच रात्री कुठला सामना ईएसपीएनवर, कुठला प्रादेशिक वाहिनीवर, कुठला पॅकेजात आणि कुठल्या पिनकोडला कशावर बंदी, याची जंत्री ठेवणं हा हाडाच्या चाहत्यांचा हिवाळी उद्योग होऊन बसला. भारतात राहणाऱ्यांना हे अगदीच परकं वाटू नये. दूरदर्शनला मिळणारं क्रिकेटचं चित्र खासगी डीटीएच आणि केबलवरून दाखवायचं नाही असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, तेव्हापासून फ्री डिशवर सामना आणि शेजारच्या घरी त्याच वाहिनीवर भलतंच काही, हा अनुभव आपणही घेतलाच आहे.

डोंगरातल्या त्या घराची सुटका झाली ती नोव्हेंबर १९९९ च्या कायद्याने. गावच्या वाहिन्या त्याच गावाला डिशवरून दाखवायची परवानगी मिळाली. पण त्याच कायद्याने, केबलला १९७५ पासून लागू असलेला सरकारी ब्लॅकआउटचा, म्हणजे असा पडदा टाकायला लावणारा, नियम डिशलाही लावला. एका हाताने दिलं, दुसऱ्याने बांधलं.

फिलाडेल्फियाचा किस्सा याहून उफराटा. तिथली कॉमकास्ट या केबल कंपनीची क्रीडा वाहिनी उपग्रहावर चढवलीच जात नसे, जमिनीवरूनच पोचवली जाई. उपग्रहावरून जाणाऱ्या वाहिन्या केबल कंपन्यांनी प्रतिस्पर्ध्यांनाही द्याव्यात असा १९९२ चा कायदा होता. ही उपग्रहावरून जातच नाही, म्हणून द्यायची नाही! शहरातल्या डिशवाल्यांकडे ती वाहिनीच नाही. ही पळवाट बुजवायला एफसीसी या सरकारी आयोगाला २०१० उजाडलं.

२०११ पासून सीबीएस आणि केबल वाहिन्यांची टर्नर कंपनी यांनी मिळून राष्ट्रीय स्पर्धा घेतली, १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलर. सामने चार वाहिन्यांवर, प्रत्येक सामना देशभर. मेगा मार्च मॅडनेसची गरजच संपली. आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी एफसीसीने ब्लॅकआउटचा सरकारी नियमच रद्द केला. पेपरांत मथळे आले, लोकांना वाटलं सुटलो. पण सरकारचा नियम गेला तरी कंपन्यांचे आपसातले करार जागेवर होते.

तोवर भांडणाचा प्रकारही बदलला होता. कॉन्फरन्सनी स्वतःच्या वाहिन्या काढल्या : बिग टेन २००७, पॅक-१२ २०१२, एसईसी २०१४, एसीसी २०१९. पॅक-१२ची वाहिनी डायरेक्टीव्हीवर कधी आलीच नाही. बारा वर्षं दरावरून घासाघीस झाली आणि २०२४ च्या जूनअखेर वाहिनीच बंद पडली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या चाहत्याच्या छपरावर डायरेक्टीव्हीची डिश होती, त्याला या वाहिनीवरचा यूसीएलएचा सामना तिथे एकदाही दिसला नाही. त्याच्या पडद्यावर पाटीसुद्धा नव्हती. लोक यालाही ब्लॅकआउटच म्हणतात, आणि माझ्या मते चुकीचं म्हणतात, कारण पिनकोडचा पडदा सामना संपला की उठतो.

नॉर्थ कॅरोलायनात जुन्या जोडीतली रेकॉम कंपनी २०१९ च्या मार्चपर्यंत एसीसीचे सामने स्थानिक केंद्रांना पुरवत होती. त्या वर्षी शार्लटमध्ये झालेली कॉन्फरन्सची स्पर्धा तिची शेवटची. ऑगस्टपासून ते सामने पैसे भरून घ्यायच्या एसीसी नेटवर्कवर गेले. डिशवर आता पडदा नाही, बिल भरा आणि बघा. फुकटात अँटेनावर सामने बघणारे मात्र बसून राहिले, ते २०२३ मध्ये सीडब्ल्यू नेटवर्कने एसीसीचे काही सामने घेईपर्यंत. आता त्या सामन्यांसाठी अँटेना पुन्हा छपरावर चढवता येतो, डोंगर आडवा नसला तर.