मिसळीवर खापर फोडण्याआधी

ठाण्यात कुणाचं पोट बिघडलं की पहिलं खापर मामलेदारच्या मिसळीवर फुटतं. तिखट तर्रीचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही, पण सकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून, मग ट्रान्स हार्बर लोकलला लटकत ऐरोली-घणसोली गाठून रात्री अकराला परत अमेरिकेचा कॉल घेणाऱ्या माणसाचं पोट मिसळ न खाताही का जळतं, हे कुणी बघतच नाही.

टेन्शन आलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून निरोप सुटतो आणि ॲड्रेनल ग्रंथी ॲड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स सोडतात. शरीराला वाटतं आता पळायचंय नाहीतर मारामारी करायचीय, मग रक्त हातापायांकडे वळतं आणि जठर-आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतात. आरामात बसलेलो असताना हृदयातून निघालेल्या रक्तातलं जवळपास पाव रक्त पोटातल्या अवयवांकडे जातं, म्हणजे ही कपात काही किरकोळ नाही. जठर स्वतःच्याच ॲसिडमध्ये भाजून निघत नाही ते चिकट म्युकस आणि ॲसिड मारणाऱ्या बायकार्बोनेटच्या थरामुळे, आणि तो थर सतत बनत राहायला रक्त लागतंच.

पण खरी गोची पुढे आहे. रक्त कमी पडल्याने नुकसान होतंच, पण बरंचसं नुकसान ते परत आल्यावर होतं. लाईट गेली की फ्रिज नुसता बंद पडतो, जळतो तो लाईट झटक्यात परत आल्यावर, अगदी तसंच. ऑक्सिजन नसताना पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं इंधन, तुटत जाऊन हायपोझॅन्थिन नावाचा माल साचतो, आणि एरवी निरुपद्रवी असलेलं एक एन्झाइम रूप बदलून झॅन्थिन ऑक्सिडेज होऊन बसतं. आता रक्ताबरोबर ऑक्सिजन आला की हे त्याच्यापासून सुपरऑक्साइड नावाचा ऑक्सिजनचा बिथरलेला रेणू बनवतं, त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि आसपास मोकळं लोह किंवा तांबं असलं की त्यातून निघतो हायड्रॉक्सिल रॅडिकल. हा सगळ्यात वांड. पेशीच्या आवरणातली चरबी, प्रोटीन, डीएनए, जे समोर येईल त्याला लागतो, आणि चरबीचा एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. वर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मदतीला धावून येतात आणि स्वतःची अशीच रसायनं तिथे ओततात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी 1997 साली उंदरांना थंडीत जखडून ठेवून हे दाखवलं होतं. त्यांच्या जठरात पेरॉक्साइड बनवणारं एन्झाइम वाढलं आणि ते साफ करणारं मंदावलं, म्हणजे नळ चालू आणि मोरी तुंबलेली, मग अल्सर, म्हणजे जठराच्या आत जखम, होणारच. ताणाने उंदरांच्या जठरात जखमा होतात हे हान्स सेल्ये यांनी 1936 मध्येच लिहून ठेवलं होतं, आतली केमिस्ट्री कळायला एवढी वर्षं गेली.

आता कुणी म्हणेल, अल्सर तर बॅक्टेरियामुळे होतो ना? बरोबर. हेलिकोबॅक्टर पायलोरी शोधल्याबद्दल मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं, आणि या शोधानंतर टेन्शनचं नाव काढणं जुनाट वाटायला लागलं. पण 1995 ला जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला तेव्हा तिथे रक्तस्राव होणारे जठराचे अल्सर वाढले, आणि भूकंपाने काही बॅक्टेरिया पसरवले नव्हते. माझं मत, ताण आणि बॅक्टेरिया दोघं मिळून काम करतात. मात्र जखडलेला उंदीर आणि मॅनेजरच्या मेसेजने दचकणारा माणूस एकच नव्हे, हेही खरं. निव्वळ ताणाने झालेले अल्सर माणसात मुख्यतः आयसीयूमधल्या पेशंटना, खूप भाजल्यावर किंवा डोक्याला मार लागल्यावर दिसतात.

झोपेचं प्रकरण मला जास्त भिडलं. 2020 मध्ये हार्वर्डच्या टीमने फळमाश्यांना झोपूच दिलं नाही, तर हे ऑक्सिजनचे वांड रेणू मुख्यतः आतड्यात साचले आणि माश्या लवकर मेल्या, उंदरांच्याही आतड्यात तेच साचलेलं दिसलं. माश्यांना अँटिऑक्सिडंट, म्हणजे या रेणूंना शांत करणारी द्रव्यं, दिल्यावर झोप नसतानाही त्या नेहमीएवढ्या जगल्या. हे वाचून लगेच महागड्या डब्यातली पावडर मागवू नका, माशी म्हणजे माणूस नव्हे आणि डब्यावर काहीही छापता येतं. नाईट शिफ्टवाल्यांनी दिवसा पडदे लावून सलग झोपणं जास्त स्वस्त आहे.

आणि एक. ट्रेनमध्ये उभं राहून पाठ दुखली की आपण रिकाम्या पोटी पेनकिलर टाकतो. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन कमी करतात, आणि म्युकसचा थर त्याच्याच जोरावर टिकून असतो, म्हणजे ताणाने आधीच पातळ झालेलं कवच आपण हाताने काढतो. जळजळ दोन-तीन आठवडे हटत नसेल तर मेडिकलमधून सिरपची बाटली आणत बसू नका, पायलोरीची टेस्ट करून घ्या, आणि शौच डांबरासारखी काळी होत असेल तर ते आतलं रक्त असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.